पाठीकडच्या कड्या

“छातीवर नको, पाठीवर घेऊ. समोरून भाला येताना दिसला की माणूस हालतो. पाठमोरा हालत न्हाई.”

वस्ताद हे त्यांच्या चेल्याला सांगत होते, मला नाही. मी पडद्याच्या आड प्लास्टिकच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. पडद्यापलीकडे नांदेडमधल्या एका शाळेचं मैदान होतं, मैदानात मांडव, आणि मांडवात जुनी नाणी, अडकित्ते, तलवारी, पानदानं असं गावोगावच्या लोकांनी आणून मांडलेलं प्रदर्शन. साडेचारला तालमीचे मर्दानी खेळ होते. शेवटच्या खेळात माझा मोठा भाऊ चिलखत घालून उभा राहणार होता आणि वस्ताद त्याच्यावर भाला चालवणार होते. चिलखत मी केलेलं होतं.

छातीवर, असं ठरलं होतं. सकाळी वस्तादांनी चिलखत ज्वारीच्या पोत्यावर चढवलं, भाल्याचं टोक छातीवर टेकवलं आणि अंगाचा सगळा भार टाकून दाबलं. एकही कडी उघडली नाही.

“सगळं असंच रिबीटचं हाय ना?” त्यांनी विचारलं होतं, पण दादाकडे बघून.

“हाव, सगळं,” दादा म्हणाला. “माझ्या बहिणीनं दीड वर्ष घातलंय त्यात.”

पाठीवर त्यांनी दाबून पाहिलं नाही. शब्द मिळाल्यावर त्यांना गरज वाटली नसावी. मी तेव्हा तिथेच उभी होते आणि चिलखताची बाही सरळ करत होते.

पाठीला रिबीट नव्हते.

लातूरला गंजगोलाईजवळ आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. कड्यांचं चिलखत करायला लागतं ते बहुतेक सगळं तिथेच मिळतं. तार सळईभोवती गुंडाळायची, स्प्रिंगसारखी झाली की एका रेषेत कापायची, की ओंजळभर कड्या तयार. मग एक कडी चार कड्यांतून ओवायची, अशी ओळीमागून ओळ. कडीची टोकं पकडीनं जवळ आणून नुसती टेकवली तरी चिलखत हुबेहूब दिसतं. पण त्यात टोकदार काही घुसलं की कडी फाकते. जुने कारागीर टोकं एकावर एक घेत, ठोकून चपटी करत, त्यात भोक पाडून बारीकसा रिबीट, म्हणजे छोटा खिळा, मारत. ती कडी सहजासहजी फाकत नाही. टेकवलेल्या कड्या मी टीव्ही बघत शेकड्यानं लावते. रिबीटच्या एका संध्याकाळी आठ झाल्या तरी मी खूश असायचे.

हे काम मला नांदेडच्या एका म्हाताऱ्या शिकलगार चाचांनी शिकवलं. तलवारींना धार लावण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. सुट्टीला मी नांदेडला दादाकडे आले की त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचे. माझा पहिला, टेकवलेल्या कड्यांचा तुकडा त्यांनी दोन बोटांत धरून ताणला, तो धान्यासारखा सांडला. “ये तो बुनाई हुई बेटी,” ते म्हणाले. “बख्तर किधर है इसमें?” मग त्यांनीच सांगितलं की दुकानातली जस्त लावलेली तार मऊ करायला भट्टीत घालायची नाही, धूर छातीत बसतो, रिबीटसाठी साधी काळी तार घ्यायची.

घरी या उद्योगाला कुणी नावं ठेवली नाहीत, पण कुणी नावही दिलं नाही. अप्पा विभूती लावून गल्ल्यावर बसले की मागच्या बाजूला माझी ठोकाठोक सुरू व्हायची. गिऱ्हाइकानं विचारलं तर अप्पा म्हणायचे, “पोरगी काहीतरी प्रोजेक्ट करून राहिली.” वहिनी दादाबरोबर लातूरला आली की जास्त स्पष्ट बोलायची. “सासरी जाताना शालूवर हेच घाल. सासू काय बोलली तरी आत लागायचं नाही.”

इंग्रजीत मी बोलकी आहे. चिलखतं करणाऱ्यांचा इंटरनेटवर एक गट आहे, तिथे मी खोट्या नावानं लांबलचक उत्तरं लिहिते. एका संग्रहालयात काचेला फोन टेकवून काढलेल्या फोटोंवरून कड्यांच्या ओळी मोजून मी तिथे तीन पानं लिहिली होती. रखवालदारानं मला दोनदा हटकलं होतं, ते सोडून सगळं. कुठल्याशा देशातल्या एका मुलानं विचारलं होतं की त्याच्या मित्रांना त्याच्या चिलखतावर वार करून बघायचाय. मी त्याला लिहिलं, टेकवलेल्या कड्यांवर टोकदार हत्यार कधीही चालवू देऊ नकोस, कुणी कितीही आग्रह केला तरी. त्यानं आभार मानले.

मराठीत मात्र माझं तोंड उघडत नाही. शाळेत मराठी बोललं की दंड होता आणि गावी गेलं की चुलत भावंडं माझ्या मराठीला हसायची. “मॅडम आल्या, मॅडम आल्या.” तेव्हापासून मी हो, नाही आणि चालेल या तीन शब्दांवर भागवते. त्यातला एक शब्द दादाला फोनवर दिला होता. प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी त्यानं विचारलं, “सगळं रिबीटचं ना? बोर्डावर लिहायचंय.” चिलखताची छाती, गळा आणि खांदे माझे करून झाले होते. दोन्ही बगला आणि सगळी पाठ राहिली होती.

“हो,” मी म्हणाले.

मला वाटलं, चिलखत टेबलावर आडवं ठेवतील. पाठ उलटून कोण बघणार? बगला आणि पाठ मी दुकानातल्या जस्त लावलेल्या पांढऱ्या तारेनं चार दिवसांत विणून काढली. ती समोरच्या काळ्या तारेशेजारी चमकत होती, म्हणून रात्रभर चिंचेच्या पाण्यात बुडवून ठेवली. सकाळी ती छान मळकी झाली होती. त्या सकाळी मला स्वतःच्या युक्तीचं कौतुकच वाटलं होतं, हेही लिहायला हवं.

आता पडद्याआड मी फोन काढला आणि दादाला मेसेज लिहिला. इंग्रजीत, तीन ओळी, न अडखळता. पाठीला रिबीट नाहीत, त्यांना थांबव, प्लीज. पाठवलं. माझ्या मांडीवरच्या पिशवीत काहीतरी थरथरलं. दादानं खेळात पडेल म्हणून त्याचा फोन सकाळीच माझ्याकडे दिला होता.

मी तो बाहेर काढला. त्याच्या स्क्रीनवर माझंच नाव आणि माझ्याच तीन ओळी होत्या.

दादा आत आला तो तालमीतल्या दोघांना आणि वहिनीला घेऊनच. कपाळावर घाम, गळ्यात कुणीतरी घातलेला भगवा गमछा. त्यानं हात वर केले आणि त्या दोघांनी चिलखत त्याच्या डोक्यातून खाली सोडलं. कड्यांचा तो आवाज मला आवडतो, वाळू पोत्यात ओतल्यासारखा.

“अस्तर,” मी म्हणाले.

चिलखताखाली घालायला मी आईच्या जुन्या साड्यांचं गोधडीसारखं जाड अस्तर शिवलं होतं. ते खुर्चीच्या पाठीवर तसंच लोंबत होतं.

“लई उकडून राहिलंय बाई, ते राहू दे.”

“घाल ना. आतून टोचतं.”

“बनियन हाय की.” तो वळून त्या दोघांना म्हणाला, “बघितलं का काम? हात फिरवून बघा. एकेक कडी ठोकून बसवलीय. लातूरची लोहारीण हाय आमची.”

त्यांनी हात फिरवला. छातीवर. सगळे छातीवरच फिरवतात.

“दादा, छातीवरच घे ना वार,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

“का?”

इथे सांगायचं होतं. वहिनी माझ्याकडे बघत होती, ते दोघं माझ्याकडे बघत होते, आणि दादाचा चेहरा तसाच होता, जसा लहानपणी मला सायकल शिकवताना, मी पहिल्यांदा न पडता कोपऱ्यापर्यंत गेले तेव्हा होता.

“पाठीवरचं लोकांना दिसणार नाही,” मी म्हणाले.

“आपण फिरून उभं राहू की. वस्ताद म्हणले पाठ, मग पाठ.”

ते गेले. जाताना वहिनीनं माझा दंड दाबला. “अगं, घाबरायचं त्यांनी की तू?”

पडद्याच्या कडेला वस्तादांचा चेला लाठ्या मोजत होता. माझ्याच वयाचा असेल, मनगटाला लाल दोरा. मी त्याच्याजवळ गेले. मी त्याला म्हणाले की भाला आज नको. तो अदबीनं उभा राहिला. “ताई, काळजी नका करू. वस्ताद वीस वर्षांपासून मारून राहिलेत. एकाला खरचटलं न्हाई.”

“तसं नाही. चिलखत...”

“चिलखत तर एक नंबर हाय तुमचं.”

तेवढ्यात हलगी वाजायला लागली आणि तो लाठ्या उचलून पळाला.

मी मांडवाच्या खांबाला टेकून उभी राहिले. लाठी झाली, दांडपट्टा झाला, दोन मुलींनी तलवारी फिरवल्या. लोक शिट्ट्या मारत होते. मी मनात वाक्य जुळवत होते. पाठीकडचे रिबीट अपूर्ण आहेत. पाठीचं काम कच्चं आहे. पाठीला ताण सोसणार नाही. प्रत्येक वाक्यात मी स्वतःला थोडं वाचवत होते, आणि प्रत्येक वाक्याला समोरचा म्हणू शकला असता, ठीक आहे, हळू मारतो.

मग दादा मधोमध आला. त्याला ओणवं उभं करून वस्तादांनी त्याच्या पाठीवर एक जाडजूड काकडी ठेवली. हलगी थांबली. वस्तादांनी तलवार डोक्यावरून फिरवली आणि खाली आणली. काकडीचे दोन तुकडे दोन बाजूंना पडले. टाळ्या. दादा सरळ उभा राहून हसला, त्यानं दोन्ही हात वर केले.

हिरव्या चटईवर काकडीच्या तुकड्याजवळ तीन कड्या पडल्या होत्या. मला त्या दिसल्या, कारण मी त्याच शोधत होते. बाकी कुणाला दिसल्या असत्या तर ते काकडीचं पाणीच वाटलं असतं. एवढ्यानं तीन. तेही धारेनं, काकडीतून, वस्तादांनी हात आवरून धरलेला असताना.

“आता भाला!” कुणीतरी मागून ओरडलं.

वस्तादांनी चेल्याच्या हातातून भाला घेतला. टोकावरचं फडकं सोडलं. दादाला पाठमोरं उभं केलं, खांदे धरून अर्धं पाऊल डावीकडे सरकवलं, आणि त्याच्या कमरेच्या थोडं वर, मणक्याच्या बाजूला, तळहात टेकवून जागा ठरवली. तिथली एकेक ओळ मला ठाऊक होती. ती मी तिसऱ्या दिवशी विणली होती, घाईत, आणि दोन ठिकाणी कडी चारऐवजी तीनच कड्यांतून ओवली गेली होती. उसवायचा कंटाळा आला म्हणून तशीच ठेवली होती.

वस्ताद मागे मागे चालायला लागले. पावलं मोजत.

तेव्हा दादानं, पाठ तशीच ठेवून, माईकवाल्याला खूण केली. माईक हातात घेतला. “एक मिनिट, वस्ताद. हे जिनं बनवलं त्या माझ्या बहिणीला दोन शब्द बोलायला लावू. ती बोलत न्हाई कधी. आज बोलायला लावू.” लोक हसले. “या मॅडम.”

वहिनीनं मला ढकललं, की मी स्वतः निघाले, नक्की सांगता येत नाही. चटईवर चपलांसह गेले, कुणीतरी “चप्पल, चप्पल” म्हणालं. माझ्या पायाखाली एक कडी आली, ती मी उचलली. माईक जड होता आणि दादाच्या हाताच्या घामानं ओला. वस्ताद दहा-बारा पावलांवर भाला खांद्याच्या रेषेत धरून थांबले होते, माझं आटोपायची वाट बघत. दादा मान वळवून माझ्याकडे बघत होता. त्याला वाटत होतं मी आभार मानणार आहे.

त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं असतं तर मला बोलता आलं नसतं. म्हणून मी भाल्याच्या टोकाकडे बघितलं. माईक आधी किंचाळला. मग माझा आवाज मैदानाच्या चारही कोपऱ्यांतल्या भोंग्यांतून आला, माझ्या ओळखीचा नसलेला.

“भाला खाली ठेवा, वस्ताद. पाठीला एकही रिबीट नाही. दादाला मी खोटं सांगितलं होतं.”