ब्राव्हो पोस्टवरचा नाईक वाहूळ

नोकरीच्या अठराव्या वर्षी माझं पोस्टिंग औरंगाबाद छावणीत आलं. आज त्या शहराला छत्रपती संभाजीनगर म्हणतात. माझं गाव खुलताबादच्या पुढं, डोंगरावर. छावणीतून एसटीनं दीड तास. घरी मेंढरं होती, थोडी कोरडवाहू जमीन होती. जम्मू आणि आसाम बघून आलेल्या माणसाला असं पोस्टिंग म्हणजे बक्षीसच. बायको म्हणाली, "आता तरी घरी दिसाल." त्या अख्ख्या उन्हाळ्यात मी घरी चार वेळा गेलो.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. शहर शेंद्र्याच्या बाजूनं वाढत चाललं होतं. नव्या कॉलन्यांना टँकर लागत होते आणि डोंगरातल्या वस्त्यांना तेही मिळत नव्हते. प्रशासनानं फौजेची मदत मागितली. इंजिनिअर्सच्या तुकड्या चार गावांत विहिरी खोल करायच्या कामाला लागल्या. मी सिग्नलचा हवालदार. सिग्नल म्हणजे फौजेचं बोलणं आणि ऐकणं सांभाळणारी माणसं. चारही गावं छावणीशी बोलती ठेवायची, हे आमचं काम. त्या दऱ्यांत तेव्हा मोबाईलला रेंज नव्हती.

आमच्याकडं चौदा हँडहेल्ड सेट होते. लोक त्याला वॉकीटॉकी म्हणतात आणि खेळण्यासारखं हातात घेतात. खेळणं नसतं ते. सकाळी पाचला चार्जरवरून बॅटऱ्या काढायच्या. आधी अँटेना घट्ट बसवायची, मगच सेट चालू करायचा. अँटेनाशिवाय बटण दाबलं तर सेट जळू शकतो. सगळे सेट एकाच चॅनलवर आणायचे. खरखर बंद होईल इतपतच स्क्वेल्चची कळ फिरवायची, कारण जास्त फिरवली तर लांबचा माणूस ऐकूच येत नाही. मग प्रत्येक सेटवरून बोलून बघायचं. गाडी निघायची सहाला.

ही सगळी शिस्त लावली नाईक देविदास वाहूळनं. माझ्या हाताखालचा ऑपरेटर, वय बत्तीस, शेंद्र्याजवळच्या गावचा. त्याच्या घराच्या मागं आता कारखान्याची भिंत होती. धाकटा भाऊ त्याच कारखान्यात कामाला, आई घरी. देविदास मुळात कमी बोलणारा. मेसमध्ये शेजारी बसला तर जेवण संपेपर्यंत कळायचं नाही. सेटवर मात्र त्याच्यासारखा आवाज मी पूर्ण नोकरीत दुसरा ऐकला नाही. एका लयीत, प्रत्येक शब्द सुटा.

इंजिनिअर्सच्या ड्रायव्हरांना सेट द्यायचे होते. ते बटण दाबायचे आणि "हॅलो, हॅलो, कोण बोलतंय?" करत बसायचे. तोवर दुसऱ्या कुणाला बोलता येत नसे. देविदासनं त्यांना छावणीतल्या पिंपळाखाली बसवलं.

"आधी डोक्यात वाक्य पुरं करा," तो म्हणाला. "मग बटण दाबा. मनात एक म्हणा. मग बोला. ज्याला बोलवायचं त्याचं नाव आधी, आपलं नंतर. बोलणं झालं की ओव्हर म्हणा आन् बटण सोडा. सोडलं नाय तर समोरचा मेला तरी तुम्हाला ऐकू येणार नाय."

तीन दिवसांत ड्रायव्हर माणसांसारखे बोलायला लागले.

खरी अडचण डोंगराची होती. छावणी एका बाजूला, विहिरी दुसऱ्या बाजूला. हँडहेल्डला समोर मोकळं लागतं. डोंगर आडवा आला की संपलं. मध्ये कुणीतरी वर बसून एकीकडचं ऐकून दुसरीकडं सांगायला हवं होतं. याला रिले पोस्ट म्हणतात. देविदास दोन दिवस सेट घेऊन डोंगराची धार चालला. दर पन्नास पावलांवर थांबायचा, दोन्हीकडं बोलायचा, वहीत लिहायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला एक सपाट काळा खडक सापडला. तिथून छावणीही स्वच्छ ऐकू यायची आणि चारही विहिरीही. वीस पावलं खाली एक पळसाचं झाड होतं. तिथं सावली होती, पण छावणी ऐकू येत नव्हती. आम्ही खडकावर ताडपत्री बांधून बघितली. वाऱ्यानं दोनदा फाडली. मग तीन-तीन तासांच्या पाळ्या लावल्या. छावणी झाली अल्फा. डोंगर ब्राव्हो. मी ज्या विहिरीवर असायचो ती चार्ली. ॲम्ब्युलन्स डेल्टा.

पाच आठवडे काम बिनबोभाट चाललं. मे महिना अर्ध्यावर आला.

त्या दिवशी मी चार्लीवर होतो. ब्राव्होवर सकाळी दहापासून देविदासची पाळी होती. विहीर साठ फूट खोल. सकाळी तळाशी पाझर लागला होता, पोरीबाळी वाकून बघून गेल्या होत्या. पाणी उपसल्याशिवाय पुढं खोदता येईना, म्हणून वस्तीतल्या लोकांनी डिझेल इंजिन दोरांनी आत सोडलं आणि चाळीस फुटांवरच्या टप्प्यावर बसवलं. आमची तुकडी तेव्हा दुसऱ्या बाजूला सुरुंगाची भोकं आखत होती. बारा वाजून दहा मिनिटांनी एक बाई ओरडली.

तळाशी काम करणारे दोघे सख्खे भाऊ, किसन आणि हरी, आडवे पडले होते. त्यांना बघून शेजारचा नामदेव शिडीनं उतरला. तोही त्यांच्यावर कोसळला. चौथा माणूस शिडीवर पाय ठेवत होता. मी त्याला दंडाला धरून मागं ओढलं.

"सोडा मला! माझे चुलते हायेत खाली!"

"इंजिनाचा धूर साठलाय खाली. तू गेलास तर चार होतील."

इंजिनाची डिझेलची नळी वरच्या कॅनमधून आलेली होती. ती उपटली. इंजिन बंद पडलं. मग सेट तोंडाशी धरला.

"ब्राव्हो, ब्राव्हो, चार्ली. तीन माणसं विहिरीत बेशुद्ध. इंजिनाचा धूर. डॉक्टर, ऑक्सिजन आणि श्वास घ्यायचे सेट पाहिजेत. ओव्हर."

"चार्ली, ब्राव्हो. तीन माणसं, इंजिनाचा धूर. डॉक्टर, ऑक्सिजन, श्वासाचे सेट. अल्फाला देतो. खाली कुणाला सोडू नका. ओव्हर."

एक मिनिटात छावणीच्या डॉक्टरसाहेबांचा निरोप त्याच्या आवाजात आला. खडक फोडायचा कंप्रेसर ट्रॅक्टरवर होता. त्याची हवेची नळी तळापर्यंत सोडा, तोंड माणसांच्या चेहऱ्याशी ठेवा, हवा थांबू देऊ नका. सव्वाबाराला हवा चालू झाली. किसनची बायको चंद्रकला काठावर गुडघ्यांवर बसली होती. ती रडत नव्हती. नळीचं तोंड कुठं आहे ते वरून बघून सांगत होती. "डावीकडं घ्या. अजून. हरीभावजीच्या तोंडावर जाऊ द्या."

आमच्याकडचे दोर तोकडे होते. लांब दोर सहा किलोमीटरवरच्या दुसऱ्या विहिरीवर होते. जीप एकच. ती एक वाजता रिलीफच्या, म्हणजे देविदासची पाळी घ्यायला जाणाऱ्या, जवानाला डोंगराच्या पायथ्याशी सोडणार होती. मी ती दोर आणायला पाठवली. दोर उचलायला माणूस लागणार म्हणून रिलीफच्या जवानालाही तिच्यातच बसवलं. बारा पंचवीसचा हा हुकूम माझा.

एकला दहा मिनिटं कमी असताना नामदेव हलला. आम्ही नळीशेजारून दोराचा फास सोडला. चंद्रकला ओरडून ओरडून त्याला सांगत राहिली, "काखेत घाल, नामा, काखेत!" त्यानं घातला. आठ जणांनी ओढला. वर आल्यावर तो ओकला आणि पहिला शब्द बोलला तो "किसन".

डेल्टा तोवर खुलताबाद ओलांडून आली होती. ड्रायव्हर नवा, केरळचा. इकडचे रस्ते त्याला माहीत नव्हते आणि पाटी कुठंच नव्हती. मला फक्त देविदासचा आवाज येत होता. खडकावरून त्याला गाडीची धूळ दिसत होती.

"डेल्टा, ब्राव्हो. आप दिख रहे हो. आगे दो रास्ते हैं. मंदिर वाला नहीं. बाएँ, सूखे नाले में उतरो. ओव्हर."

"ब्राव्हो, डेल्टा. नाले में रास्ता नहीं दिखता. ओव्हर."

"है. मैं देख रहा हूँ. उतरो. ओव्हर."

मंदिराच्या रस्त्यानं गेले असते तर डोंगराला वळसा पडून अर्धा तास वाढला असता. डेल्टा एक वीसला विहिरीवर पोहोचली. पाठोपाठ जीपही दोर घेऊन आली. इंजिनिअर्सचा नाईक जोगिंदर श्वासाचा सेट लावून खाली उतरला. एक पस्तीसला हरी वर आला, एक चाळीसला किसन. दोघांचाही श्वास चालू होता.

मधल्या वेळात मी ब्राव्होशी दोनदा वेगळं बोललो होतो. एक दहाला म्हणालो, "रिलीफ येत नाही. थांबशील?"

"थांबतो, उस्ताद."

एक पंचेचाळीसला पुन्हा सांगितलं, "दहा मिनिटं झाडाखाली जाऊन ये."

"झाडाखाली अल्फा ऐकू येत नाय. पेशंट निघू द्या आधी."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. ॲम्ब्युलन्समधल्या नर्सिंग असिस्टंटला डॉक्टरसाहेबांच्या सूचना वाटेत मिळायला हव्या होत्या, आणि घाट उतरेपर्यंत त्या ब्राव्होमार्फतच जाणार होत्या. डेल्टा दोनला निघाली. तोवर दोरावर असलेला रिलीफचा जवान पेशंट धरायला तिच्यातच गेला. हरीचा श्वास वाटेत एकदा अडला. काय करायचं ते डॉक्टरांनी सांगितलं, देविदासनं ते जसंच्या तसं पोहोचवलं. श्वास परत आला. दोन पंचवीसला त्यानं मला सांगितलं, "चार्ली, ब्राव्हो. डेल्टा घाट उतरली. अल्फाशी थेट बोलतेय. तिघं ठीक. ओव्हर."

विहिरीवर लोक खाली बसले. कुणीतरी मला तांब्याभर पाणी दिलं.

दोन अठ्ठावीसला सेट पुन्हा वाजला.

"चार्ली, ब्राव्हो. डेल्टा कुठं आहे? ओव्हर."

मी म्हणालो, "आत्ताच तू सांगितलंस. घाट उतरली."

 मग, "डेल्टा, डावीकडं. नाल्यात उतर." आवाज तोच, लय तीच. पण ओव्हर म्हणाला नाही. देविदास वाहूळ ओव्हर म्हणाला नाही, तेव्हा मला कळलं.

जीपनं पायथा गाठला. वर चढायला वीस मिनिटं लागतात. जोगिंदर आणि मी चौदा मिनिटांत चढलो. तो खडकावर बसलेला होता. अंग तापलेलं, कातडी कोरडी, डोळे उघडे, ओळख नाही. पाण्याच्या दोन्ही बाटल्या रिकाम्या. डोक्यावर टोपी नव्हती. ती त्यानं खडकाच्या कपारीत जादा बॅटऱ्यांवर झाकली होती. बॅटरी उन्हात फार तापली की दगा देते, म्हणून.

आम्ही त्याला पळसाखाली आणलं, जवळचं सगळं पाणी अंगावर ओतलं, मग ताडपत्रीच्या तुकड्यात घालून खाली उतरवलं. छावणीच्या दवाखान्यात संध्याकाळी सहा चाळीसला तो गेला.

चौकशी झाली. जीप वळवायचा हुकूम माझा होता, तो मी तसाच सांगितला. हुकूम बरोबर ठरला. तो निकाल मी मानतो. तरी दुपारचा एक वाजला की मी अजून त्या जीपकडं बघत असतो.

त्याच्या घरी जलदान विधीला आम्ही युनिटचे सहाजण गेलो. बौद्ध घरांत माणूस गेल्यावर हा विधी असतो. वंदना झाली. गावच्या लोकांनी दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहणार, तेवढ्यात मागच्या रांगेतून तीन माणसं उठली. किसन, हरी आणि नामदेव. पहाटे निघून, दोन एसट्या बदलून आले होते. हरी अजून भिंतीला धरून उभा राहत होता. सगळे त्यांच्याकडं बघायला लागले.

किसननं डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं. "आम्हाला बोलता येत नाय," तो म्हणाला. "आम्ही तिघं हाव. एवढंच दाखवायला आलो."

आणि ते खाली बसले. मी उभा राहिलोच नाही.

निघताना देविदासच्या आईनं मला बाजूला घेतलं. उंच, वाळलेली बाई. "साहेब, शेवटाला माझा लेक काय करत व्हता?"

मी म्हणालो, "बोलत होता, माय. चार तास एकटा सगळ्यांशी बोलत होता. त्याच्या बोलण्यावर तिघं जगले."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं, मी तिची समजूत काढतोय की काय म्हणून.

"आमचा देविदास?" ती म्हणाली. "घरात तर दिवसभर दोन शबुद बोलायचा नाय." मग पदरानं तोंड पुसून तिनं विचारलं, "आवाज कसा येत व्हता त्याचा?"

"स्वच्छ येत होता," मी सांगितलं. "सगळ्यांत स्वच्छ."