पोरीच्या चित्रातला उलटा पेपर

मंडळी, आज डोकं चालून नाई राह्यलं, म्हणून तुमाले विचारतो.

माझी पोरगी पल्लवी नागपूरले चित्रकला शिकते. तिनं देवळीले घरी एक चित्र पाठवलं. क्युबिझम म्हणतात म्हणे त्याले. आमचाच चहाचा टेबल हाय, पण सारा तुकड्या-तुकड्यात. कपाचं तोंड वर की खाली, समजत नाई. रंग सारा मातकट, एकच तुकडा निळा. मधात पेपर, त्यावर मोठ्ठं 'कापूस' लिहिलेलं.

अक्षरं सरळ वाचता यावी असं म्या थे भिंतीवर टांगलं. आज सकाळी व्हिडिओ कॉलवर पल्लवी म्हणे, "बाबा, चित्र उलटं काऊन टांगलं?"

"अक्षरं तर सरळ हायेत ना, बाई."

"तुमाले सरळ. तुमी टेबलावर पेपर पसरून वाचत होते. मी समोर बसत होती. मले तर रोज उलटाच दिसे."

मी चित्र फिरवलं. आता पेपराच्या पलीकडं, जिथं मी बसतो, तिथं फक्त थो निळा तुकडा हाय. माझा तर एकही शर्ट निळा नाई.

तिले विचारायची हिंमत नाई झाली. तुमीच सांगा, थो मी असन का?