झोपाळू घराण्याची उलटतपासणी

ऑपरेशन विभागातल्या सिस्टरला सगळे पाठीमागं ‘उलटतपासणीबाई’ म्हणायचे. तिला ते माहीत होतं, आणि आवडतही होतं. ठेंगणी, टाचा झिजलेल्या चपला, आणि जीभ अशी की भिंतीलाही बोलतं करील.

भरतीच्या फॉर्मवर एक प्रश्न असतो. घरात कुणाला काही आजार? होय की नाही. पोटात कळा घेऊन आलेला माणूस ‘नाही’वर खूण करून मोकळा होतो. नोकरीच्या पहिल्याच वर्षी असाच एक ‘नाही’वाला छातीत कळ येऊन गेला. त्याला न्यायला आलेल्यांच्या बोलण्यातून कळलं, त्याचे दोन्ही भाऊ चाळिशीतच असेच गेले होते. त्या दिवसापासून बाईनं होय-नाहीचा नाद सोडला. स्टूल ओढायचं, बूड टेकायचं आणि खोदायला लागायचं. “घरात लवकर कोण गेलं? कुठल्या गोळीनं कुणाच्या अंगावर पित्त उठलं? ऑपरेशन कुणाचं झालं, आणि घरी येऊन तो काय कुरकुरला?”

त्या सकाळी एक वेल्डर आला. पस्तिशीचा गडी, अपेंडिक्स फुटायच्या बेतात, सोबत बहीण. फॉर्मवर अर्थातच ‘नाही’.

“सिस्टर, आत सगळे तयार बसलेत,” ट्रॉलीवाला घाई करायला लागला.

“बसू देत. ताई, तुमच्या घरात ऑपरेशन कुणाचं झालंय?”

“थोरल्या भावाचं, हर्नियाचं. पण आजार म्हणाल तर काही नाही हो. उलट मस्त ताणून दिली त्यानं!” बहिणीला हसू फुटलं. “सकाळी दहाला नेला, दिवेलागणीपर्यंत डोळा उघडेना. आमचं घराणंच झोपाळू. अजून त्याला कुंभकर्ण म्हणतो आम्ही.”

“ताई, हसवू नकोस गं, पोट फाटतंय,” वेल्डर कण्हला.

बाई मात्र हसली नाही. “घोरत होते का?”

“घोरतोय कसला? तोंडात नळी होती ना. यंत्रानं श्वास देत होते. औषध जरा जास्त टिकलं म्हणाले. उठला, जेवला, विषय संपला. आम्ही कशाला विचारतोय?”

बाई अशी उठली की स्टूल उलटं झालं. तिनं ट्रॉलीचा दांडा धरला. “ही इथून हलवायची नाही!” आणि झिजल्या चपलांनी फटाफट आत पळाली.

भूल देणारी डॉक्टर हातमोजे चढवत होती. “डॉक्टर, याच्या सख्ख्या भावाला भुलीनंतर आठ तास यंत्रावर ठेवलं होतं.”

“बाई, अपेंडिक्स आहे. थांबायला वेळ नाही.”

“थांबा कोण म्हणतंय? ते स्नायू ढिले करायचं औषध तेवढं बदला!”

डॉक्टरचा हात जागीच राहिला. तेच औषध सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये तयार होतं. ती स्वतः बाहेर आली, बहिणीला तेच दोनदा विचारलं, आत जाऊन ती सिरिंज बाजूला ठेवली आणि दुसरं औषध घेतलं. तपासायला वेल्डरचं रक्तही काढलं. ट्रॉली आत गेली.

“म्हणजे थोरल्याची ती झोप नव्हती?” बहिणीनं विचारलं.

“नव्हती, ताई. ते औषध इतरांच्या रक्तात चार-सहा मिनिटांत विरतं. काहींच्या रक्तात ते विरवणारी गोष्टच कमी असते. मग तासन्‌तास छाती हलत नाही. यंत्र होतं म्हणून वाचले.”

“आणि आम्ही वीस वर्षं खिदळतोय!” बहीण बाकड्यावर बसली ती दाराकडं बघतच. बाईही कामं टाकून तिच्याशेजारी बसली. सव्वा तास गेला.

दार उघडलं. आधी शिवी बाहेर आली, मग ट्रॉली. “घशात कानस घातली होती का रे कुणी? पाणी द्या!”

“बोलतोय! अहो सिस्टर, बोलतोय तो!” बहीण एकाच वेळी हसत आणि रडत होती. उलटतपासणीबाईनं, पन्नाशीच्या वयात, भर व्हरांड्यात टुणकन उडी मारली. ट्रॉलीवाल्यानंही टाळी दिली.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. शंका खरी निघाली. मग थोरल्याचं आणि बहिणीचंही रक्त घेतलं. थोरला तसाच निघाला, बहीण सुटली. डॉक्टरनं दोघा भावांना कार्डं दिली, हे औषध द्यायचं नाही म्हणून. वेल्डरनं ती खिशात टाकली आणि टाके सुकल्यावर पोलादी पत्र्याचे दोन बिल्ले कापून त्यांवर औषधाचं नाव ठोकून काढलं. “कार्ड भिजतं, पत्रा भिजत नाही,” म्हणाला.

बाईला दाखवायला तिघं आली तेव्हा थोरला छाती काढून उभा होता. “बघितलंत सिस्टर? वीस वर्षं आळशी ठरवलं मला. डॉक्टरांच्या सहीचा कागद आहे आता!”

“बसा, डॉक्टरांना बोलावते,” म्हणून बाई आत गेली. परत येऊन बघते तर थोरला बाकड्यावर मान टाकून घोरतोय, छातीवर बिल्ला वरखाली होतोय.

बहिणीनं कोपर मारलं. “आणि ही झोप रे कुठल्या औषधाची?”

“राहू द्या त्यांना,” बाई म्हणाली, आणि त्या वरखाली होणाऱ्या बिल्ल्याकडं बघत उभी राहिली. “छाती हलतेय ना? मग झोपू देत पाहिजे तेवढं.”