प्रिन्सीला पडद्यापुढे गायचं होतं

मुंबईच्या कॉलेजने प्रिन्सीला गाण्याच्या पदवीसाठी घेतलं, तेव्हा पेढे वाटले ते कॉन्रॅड सरांनी. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या चर्चची कॉयर, म्हणजे गाणाऱ्यांचा मेळा, बसवता बसवता सरांचे केस पांढरे झाले होते, आणि इतक्या वर्षांत असा गळा त्यांच्या हाताला पहिल्यांदाच लागला होता.

"मी त्या दारातून दोनदा परत आलोय," सर म्हणाले. "तुला त्यांनी आपणहून आत घेतलं. कळतंय का?"

प्रिन्सीने पेढा तोंडात टाकला. "सर, तिथे शिकताना नाटकात गाता येईल?"

"नाटकात? बाई गं, गळा आहे की भोंगा? नाटकवाले चार महिन्यांत त्याची चाळण करतील."

नाटकाचं खूळ तिच्या डोक्यात आलं ते गावच्या सणाच्या नाटकातून. पाचूबंदरला सणाला नाटक व्हायचंच, पण त्याची रीत निराळी. काम करणारी पुढे, गाणारी मागे. दिसायला चांगली ती रंगमंचावर नुसते ओठ हलवायची आणि गळा असलेली पडद्यामागे पेटीजवळ बसून गायची. गेल्या वर्षी पुढे फ्लॉसी होती, मागे प्रिन्सी. नवऱ्याची होडी परत आली नाही म्हणून रडायचं आणि ती दिसली की आनंदाने गायचं, असा प्रसंग होता. फ्लॉसीला खरंच रडू फुटलं, ती मटकन खाली बसली. पडद्यामागे प्रिन्सीला काय दिसणार? तिने ठरल्याप्रमाणे पुढचं आनंदाचं कडवं सुरू केलं. फ्लॉसी पदरात तोंड खुपसून हुंदके देतेय आणि तिच्याच तोंडचं गाणं ताल धरून नाचतंय! लोक हसून हसून लोळले. फ्लॉसीनेही नंतर हसण्यावारी नेलं. प्रिन्सीला मात्र ते लागलं. रडणारीचं गाणं रडणारीनेच गायला पाहिजे, एवढं तिच्या मनात पक्कं बसलं.

म्हणून मुंबईला जाऊन तिने सरळ विचारलं. उत्तरही सरळ मिळालं. पदवी हातात पडेपर्यंत रंगमंच नाही. नाटक नाही, नाच नाही. आधी आवाज बसू दे, मग काय ते कर. प्रवेश घेणार की नाही, ते सोमवारपर्यंत कळव.

पुण्यातल्या एका कॉलेजचं तिने मैत्रिणीकडून ऐकलं होतं. मुंबईएवढं त्याचं नाव नव्हतं, पण तिथे गाण्याचा वर्ग आणि नाटकाचा वर्ग एकाच छपराखाली भरायचा. शुक्रवारी तिथली निवडचाचणी होती.

घरी सांगितलं तर पप्पा जाळ्यावरून मान वर करीनात. मासेमारी बंदीचे दिवस. तिचा बाप ऑगस्टीन ओट्यावर जाळं पसरून त्याची फाटकी घरं दोऱ्याने भरत बसला होता.

"पुन्यात कोन हाय आपला?" तो म्हणाला. "तिथं समुद्र पन नाय."

"समुद्रात गायचंय का मना?"

"बग, कशी बोलते!" आई मर्सी आतून ओरडली. ती सुकट पाखडत होती. "मुंबईवाले हाका मारतान, तर ही चालली पुन्याला. लोकांच्या पोरी नर्स होतान, हिला नाटकवाली व्हायचंय."

"आये, मी जानार. तू येतंस का एकटी जाऊ?"

एकटीला कोण सोडणार? शुक्रवारी पहाटेच्या एसटीने दोघी निघाल्या. घाटात मर्सीने डब्यातली भाकरी काढून लेकीच्या मांडीवर आपटली.

चाचणीला समोर तिघं बसली होती, त्यांत एक गाण्याचे सर. बोलत होत्या त्या रचना मॅडम, नाटकाच्या वर्गाच्या. बाजूला एक पेटीवाले. प्रिन्सीने चर्चमधलं भक्तिगीत घेतलं. सूर कुठे हलला नाही की लय सुटली नाही. संपल्यावर तिला वाटलं, झालं काम.

"सुंदर," रचना मॅडम म्हणाल्या. "पण बाळा, तू गात कुणासाठी होतीस? सगळा वेळ पेटीवाल्यांच्या बोटांकडे बघत होतीस. आम्ही तिघं उठून चहाला गेलो असतो तरी तुला कळलं नसतं."

प्रिन्सीचे कान तापले. पडद्यामागे बसून गाणारी आणखी कुठे बघणार? तिथे पेटीवाल्याची बोटं हाच तिचा प्रेक्षक होता.

"गाण्याला तू हवीच आहेस," मॅडम म्हणाल्या. "नाटकाचं मात्र पुढच्या वर्षी बघू."

दुसरी कुणी मान डोलावून निघून गेली असती. प्रिन्सी जागची हलली नाही. पुढच्या वर्षी म्हणजे काय, हे ती मुंबईत ऐकून आली होती.

"मॅडम, आणखी एकदा गाऊ द्या. माझी आई बाहेर बसलीय, तिला आत घेऊ द्या."

"आईचं काय काम?"

"तिच्यासाठी गाते."

मर्सीला आत आणून खुर्चीवर बसवलं. मांडीवर पिशवी, कपाळाला आठ्या. "मना कशाला बसवलंस इथं?" ती पुटपुटली. "ही मानसं काय म्हनतील?"

पेटीवाल्यांना प्रिन्सीने हातानेच थांबवलं आणि आईच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. घेतलं ते लग्नाचं गाणं. पाचूबंदरला लग्नाची गाणी दोन बाजूंनी चालतात. एका बाजूच्या बाया विचारतात, दुसऱ्या बाजूच्या उत्तर देतात. विचारलेलं मोकळं सोडायचं नाही. तो नवरीला अपशकुन. कुणाला सुचलं नाही तर आंधळी म्हातारीसुद्धा कोपऱ्यातून काहीतरी जोडून देते.

"नवरी चालली गो, तिच्या हातान काय गो?"

प्रिन्सी आईभोवती फिरली, वाकली, तिचा हात हातात घेतला. मर्सीने हात ओढून घेतला. प्रिन्सीने तीच ओळ पुन्हा टाकली. मर्सीने तिघांकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले. तिसऱ्यांदा ओळ आली तेव्हा तिच्याने राहवेना.

"हातान चुरा हिरवा, डोल्यान पानी गो!"

हातात हिरवा चुडा आणि डोळ्यांत पाणी. भरबाजारात मासळी विकून कमावलेला आवाज तो! पेटीवाले दचकले. मग मायलेकींची जुंपलीच. लेक विचारतेय, आई तोडीस तोड देतेय, मध्येच "नीट उभी रा, ओढनी पायात येते" म्हणून दटावतेय. शेवटच्या ओळीला लेकीने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. मर्सीचं उत्तर आलं, पण अर्ध्या गळ्याने.

रचना मॅडम हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. गाण्याचे सर मात्र हसले नाहीत. "वाकलीस, फिरलीस, की श्वास तुटतो तुझा. शेवटच्या ओळी अर्ध्या गिळल्यास."

"खरं आहे, सर. शिकवाल?"

"ते आमचं कामच आहे."

"आणि नाटकाचे तास?"

"पहिल्या वर्षापासून," रचना मॅडम म्हणाल्या. "पण गाण्यात मागे पडलीस तर नाटक बंद. आणि अर्ध्यावर वाटलं की नुसतं गाणंच करायचं, तर ती वाटही मोकळी आहे."

"आन जेवनाचं?" मर्सीने मध्येच विचारलं. "मासली मिलते का इथं?"

रविवारची मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, आटोपल्यावर प्रिन्सी कॉन्रॅड सरांसमोर उभी राहिली. कॉयर जिथून गाते त्या वरच्या माळ्यावर सर पेटीला कापड घालत होते. तिने सगळं सांगितलं. मुंबईला नाही म्हणून उद्या कळवणार, हेही.

सरांनी कापडाच्या सुरकुत्या काढल्या.

"मला जे मिळालं नाही ते तू लाथाडतेस."

"लाथाडत नाही, सर. तुम्ही दिलेला गळाच नेतेय. पण तिथे तो एका जागी बसवून ठेवणार. मला तो घेऊन फिरायचंय."

"वाया गेला तर?"

"तर माझ्यामुळे जाईल. तुमच्यामुळे नाही."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांना पटलं होतं असं नाही. पण चेहरा बदलला. तालमीत कुणी बेसूर झालं की व्हायचा तसा.

"श्वास तुटतो म्हणाले?"

"हो. हललं की."

"मी तुला कधी हलू दिलंच नाही. खाली उतर."

"का?"

"उतर म्हणतो ना! आता गात गात वर ये. सूर पडला की परत खालून."

माळ्याचा तो लाकडी जिना अरुंद आणि उभा. प्रिन्सीने खालून सूर धरला, झगा मुठीत घेतला आणि चढायला लागली. अर्ध्यावर श्वास संपला, सूर फाटला. तिने वर पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस? खाली!"

ती खाली गेली. छातीभर श्वास घेतला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.