मामांची कागदी मेंढरं

"आधी मानूस सांगा, मंग कागद काढू," असं म्हणून मामा कातर मांडीवर आडवी ठेवायचे आणि समोरच्या गिऱ्हाइकाकडे निवांत बघायचे. गिऱ्हाईक घाईत, त्याला एसटी गाठायची असते. पण मामांचे प्रश्न सुरू. "ज्येला द्यायाचं त्यो बसतो कसा? हासतो कवा? चिडला की काय म्हनतो?" उत्तरं मिळाल्याशिवाय कातर मांडीवरून उचलली जायची नाही.

नारायणगावात स्टँडमागच्या गल्लीत माझं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाच्या शुभेच्छा, झेरॉक्स. नव्वद सालानंतरच्या त्या दिवसांत ज्याच्याकडे कॉम्प्युटर तो गावात शहाणा, आणि माझ्याकडे कॉम्प्युटर होता. तेव्हा मी किती शहाणा होतो ते विचारू नका.

मामा खोडदचे. जातीचे मेंढपाळ. दिवाळी झाली की कळप घेऊन माळशेज घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाच्या आधी परत वर यायचं, असं त्यांचं आयुष्य गेलं. गुडघ्यांनी दगा दिल्यावर मेंढरं भावाच्या हवाली केली. एका बाजाराच्या दिवशी रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला आले आणि लाईट गेली. बाजारातून नुकतीच धार लावून आणलेली लोकर कातरायची कातर त्यांच्या पिशवीत होती. वीतभर पात्यांची, बघूनच धडकी भरावी अशी. माझ्या टोपलीतली एक वाया गेलेली लग्नपत्रिका त्यांनी उचलली आणि बसल्या बसल्या कापायला लागले. लाईट आली तेव्हा माझ्या काउंटरवर एक मेंढी उभी होती. कान खाली पाडलेली, एक पाय जरा उचललेली.

"लंगडी हाय," मामा म्हणाले. "भावाकडं हाय आजून. वळखाया यावी म्हनून पाय उचालला."

मी विचारलं, एवढ्या मोठ्या कातरीनं एवढं बारीक कसं जमतं? तर म्हणाले, "कातर फिरवायची न्हाई भाऊ, कागद फिरवायचा. मेंढरू बी आसंच कातरायचं." पुढे मी लहान कात्री आणून दिली. त्यांनी ती माझ्या बायकोला भाजीला देऊन टाकली.

अशी आमची जोडी जमली. गिऱ्हाईक फोटो आणून द्यायचं. मी तो स्कॅन करायचा, चेहरा वेगळा काढायचा, मागचं आभाळ, शेत, घर, नाव हे सगळं कॉम्प्युटरवर जुळवून जाड कागदावर छापायचं. मग मामा ते कापायचे, घड्या पाडायचे, डिंकानं जोडायचे. बंद असताना साधं कार्ड, उघडलं की आतून घर, झाड, माणसं उभी राहणार. लोक त्याला 'मामांचं कार्ड' म्हणायचे. दुकान माझं, कॉम्प्युटर माझा, आणि कार्ड मामांचं. हे मला तेव्हाही थोडं खुपायचं, खोटं कशाला सांगू.

एकदा एक तरुण सासूसाठी कार्ड मागायला आला. सासूला काय आवडतं ते त्याला सांगता येईना. "मंग चिडतात कशावर?" मामांनी विचारलं. "चहात साखर जास्त पडली की कप तसाच सरकवतात." मामा खूश. कार्ड उघडलं की एक बाई हाताने कप लांब सरकवते, असं त्यांनी केलं. मी म्हटलं, मामा, याचं लग्न मोडेल. आठ दिवसांनी सासूबाई स्वतः दुकानात आल्या, मामांना बघून पदर तोंडाला लावून हसल्या आणि विहिणीसाठी कार्ड सांगून गेल्या.

दुसऱ्या एकाला मात्र वडिलांबद्दल काहीच सांगता आलं नाही. मामांनी त्याला परत पाठवलं. मी चिडलो. "मामा, गिऱ्हाईक हाकलताय तुम्ही!"

"हाकलत न्हाई. मानूस आनाया धाडलंय." मग मला समजावल्यासारखं म्हणाले, "लांबनं बगनाऱ्याला समदी मेंढरं सारखीच दिसत्यात, राव. पन येक बी दुसऱ्यावानी नसतंय."

तुम्हीही असा एखादा माणूस कुठेतरी पाहिला असेल, जो एका साध्या कामाला दिवस लावतो आणि त्याचं त्याला काहीच वाटत नाही. अशा माणसाचं कौतुक लांबून करायला सोपं असतं. त्याच्याबरोबर दुकान चालवून बघा.

एका उन्हाळ्यात मामा दुपारी आले. पिशवीतून शाळेचा एक जुना ग्रुपफोटो काढला. तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीवर बोट ठेवलं. चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा.

"ही माझी लेक. ल्हानपनीचा येवढाच फोटू हाय. आमचं बी येक कार्ड करू."

लेक पारगावला दिलेली होती. जावई कारखान्यावर कामाला. तिचं नवं घर बांधून होत आलं होतं आणि दिवाळीनंतर वास्तुशांत होती. मी गमतीनं म्हटलं, "आधी मानूस सांगा, मंग कागद काढू."

मामा हसले नाहीत. त्यांनी माणूस सांगितला.

लेक तिसरी-चौथीत असेल. शाळा बुडू नये म्हणून तिला आत्याकडे ठेवून मामा कळपाबरोबर कोकणात गेले होते. सात-आठ महिन्यांनी परत आले ते थेट शाळेच्या फाटकावर. शाळा सुटली. सगळ्या पोरी एकसारख्या निळ्या स्कर्टात, लाल रिबिनी बांधलेल्या. मामांना लेक सापडेना. शेवटी समोर उभ्या राहिलेल्या एका पोरीलाच त्यांनी विचारलं, "बाय, माझी पोरगी बगितली का गं?" आणि लेकीचं नाव सांगितलं. ती पोरगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग "आत हाय," म्हणाली आणि चालू लागली. मामा शाळा रिकामी होईपर्यंत थांबले. घरी गेले तर तीच पोरगी ओट्यावर दप्तर घेऊन बसलेली.

"दीडशे मेंढरांत माजं येक चुकलं तर रातच्या अंधारात वळखीन मी," मामा म्हणाले. "आन् पोटची पोर समोर उबी व्हती, भाऊ. त्या दिसापास्नं ती माज्याशी नीट बोलली न्हाई. मी बी त्या दिसाचं कवा काडलं न्हाई."

ते कार्ड करायला आम्हाला महिना लागला. ज्वारीच्या दाण्याचा चेहरा मी मोठा केला, ठिपका ठिपका जुळवत दोन दिवस बसलो. मागे खोडदची टेकाडं आणि आभाळाकडे तोंड केलेली, ताऱ्यांचे रेडिओ आवाज पकडणाऱ्या दुर्बिणीची मोठी तबकडी. लेकीच्या लहानपणी ती नव्हती, पण आता शाळेजवळच उभी आहे, म्हणून तबकडी पाहिजेच, हा मामांचा हट्ट. "आभाळातलं आयकती म्हनं ती. जवळचं आयकू येत न्हाई तिला," असंही वर म्हणाले. मेंढरं त्यांनी दीडशेच्या दीडशे कापली, एकासारखं दुसरं नाही. कार्ड उघडलं की कळप दोन बाजूंना सरकायचा आणि मधे लाल रिबिनीची मुलगी उभी राहायची. तिच्यासमोर वाकलेला एक पागोटंवाला, तिच्या डोक्यावर हात ठेवलेला. जे त्या दिवशी फाटकावर झालं नाही, ते मामांनी कागदात केलं होतं.

जोडण्याआधी मी म्हटलं, सगळे कागद स्कॅन करून ठेवू.

"मशीनमधी ठिवून काय करनार?"

"जपून राहील, मामा. कागद फाटला तरी हे फाटणार नाही."

"मंग ठिवा," मामा म्हणाले. कार्ड त्यांनी घरी नेऊन ट्रंकेत ठेवलं.

आता माझं सांगतो. पुढच्याच महिन्यात मंचरच्या एका स्टुडिओवाल्याने नमुना मागितला. मी मामांच्या कार्डाची प्रिंट दाखवली. तो म्हणाला, झकास, पण हा पागोटंवाला कशाला? वाढदिवसाला कोण घेईल? मी पागोटंवाला काढला. त्या जागी फुगे घातले, वर 'लाडक्या लेकीस' लिहिलं. चेहऱ्याची जागा मोकळी ठेवली, कुठलाही फोटो बसावा अशी. मेंढरं एका पट्टीत छापली, म्हणजे ब्लेडने चार रेघा मारल्या की काम झालं. मंचरहून पाकिटातून फोटो आणि नावं यायची, मी तासाभरात कार्ड करून पाठवायचो. मामा ज्या दिवशी येत नसत, त्या दिवशी करायचो. यावरून तुम्हाला कळेलच, की आपण काय करतोय हे मला चांगलं ठाऊक होतं.

वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी मामा दुकानात आले. मी उत्साहानं विचारलं, "काय म्हणाली लेक?"

"तिच्याकडं व्हतं की आधीच," मामा म्हणाले.

मला काही कळेना. मग त्यांनी शांतपणे सांगितलं. आहेराच्या वेळी त्यांनी साडीवर ठेवून कार्ड दिलं. लेकीनं उघडलं आणि चार बायकांसमोर म्हणाली, "हे व्हय! हे मंचरला मिळतं की. आमच्या ह्यांनी पोरीच्या वाढदिसाला आनलंय." शोकेसमध्ये ते लावलेलंच होतं, मधे नातीचा चेहरा. लेकीनं दोन्ही शेजारी धरली; आबांच्या कार्डात मधे चेहरा कुणाचा, ते नीट बघितलंच नाही. "आमच्यातले फुगे भारी हायेत. तुमच्यात ह्यो म्हातारा जास्तीचा घातलाय. कितीला घेतलं, आबा?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलं, सस्तात मिळालं."

मामांच्या नातीचा चेहरा मी माझ्या हाताने त्या जागेत बसवला होता आणि मला पत्ताही नव्हता. मामांनी विचारलं, "किती जनांना दिलं?" मी म्हणालो, पाच-सहा. पन्नासाच्या वर गेली होती.

"मंग पाच-सा घरांत गेली म्हनायची माजी मेंढरं," असं म्हणून ते हसले. ते हसले नसते तर बरं झालं असतं.

मी पारगावला जाऊन सगळं सांगून येतो म्हटलं. मामांनी हात आडवा केला. "नगं. तिच्या मालकानं हौसेनं आनलंय. त्याचं मन कशाला मोडायचं?" मी लगेच ऐकलं. इतक्या पटकन मी मामांचं दुसरं काहीच कधी ऐकलं नव्हतं.

त्यानंतरही मामा चार वर्षं दुकानात येत राहिले. फक्त गिऱ्हाइकाला काही विचारणं त्यांनी सोडलं. "द्या, काय कापायचं," एवढंच म्हणायचे आणि मी छापलेल्या रेघेवरून कातर चालवायचे. काम भरभर व्हायला लागलं. मला हवं होतं तसंच. मी माफी मागायला तोंड उघडायचो आणि नेमकं कोणीतरी झेरॉक्सला यायचं. कोणी आलं नाही तर मी दुसरंच काही बोलायचो.

एका पावसाळ्यात मामा आठवडाभर आले नाहीत. मग ते गेल्याचं कळलं. ते गेल्याच्या चौथ्या दिवशी त्यांची लेक दुकानाच्या पायरीवर उभी होती. मी तिला प्रथमच बघत होतो.

"आबांचा चांगला फोटू आसंल ना तुमच्याकडं? दहाव्याला पायजे. इतकी वर्षं हितं बसायचे."

अख्ख्या तालुक्याचे चेहरे माझ्या कॉम्प्युटरमध्ये होते. मामांचा एक नव्हता. मी कधी काढलाच नव्हता. शेवटी मतदान कार्डावरचा फोटो मोठा करून दिला, त्यात ते मामा वाटतही नव्हते. कार्डाबद्दल त्या दिवशीही मी काही बोललो नाही.

पण फोटो शोधताना जुनी सीडी काढली होती. त्यात मामांच्या कार्डाचं पहिलं स्कॅन सापडलं, काहीही न पुसलेलं. मुलगी होती, वाकलेला पागोटंवाला होता. आणि कडेला मामांचा अंगठा आला होता. कागद वर उचलला जाऊ नये म्हणून त्यांनी तो काचेवर दाबून धरला होता. नखाला डिंक लागलेला, कातरीनं पडलेला घट्टा स्पष्ट दिसत होता. प्रती काढताना सगळ्यात आधी मी तो अंगठा पुसला होता.

दहावा झाल्यावर मी त्याची प्रिंट घेऊन पारगावला गेलो. ओसरीत बसून लेकीला सगळं सांगितलं. मंचरचं कार्ड कोणी केलं, कशावरून केलं, त्यातून कोणाला काढलं. ती कागदाकडे बघत होती.

"ही मी?"

"हो."

"शाळंच्या फाटकावरचं हाय हे." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मला वाटलं, त्यांच्या ध्यानात बी नसंल."

मी विचारलं, मामांनी दिलेलं कार्ड कुठे आहे? ती म्हणाली, "दोन सारखी कशाला म्हनून अंगनवाडीत दिलं. पोरांनी खेळून फाडलं आसंल कवाच." मग माझ्याकडे वळली. "मी कितीला घेतलं इचारलं, तवा बोलले का न्हाईत ते?"

"तुमच्या मालकांचं मन मोडू नये म्हणून."

"आन् तुमी? तुमी का न्हाई बोललात?"

तिनं प्रिंट मांडीवर ठेवली आणि त्या अंगठ्यावर आपला अंगठा टेकवून बसून राहिली. आतून तिच्या सासूबाईंनी हाक दिली, "अगं, पावण्यांना च्या टाकू का?"

"नगं," ती कागदावरून नजर न काढता म्हणाली. "पावणं निगालेत."

मी उठून चपला घातल्या.