खुलाशातले अलंकार

मास्तरकीत माझ्या हातून बरीच पापं झाली असतील. पण एका भल्या माणसाची नोकरी मी निव्वळ अलंकार घालून घालवत आणली होती, हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. आज सांगतो. आधी चहा संपवा, मध्येच हसलात तर सदऱ्यावर सांडेल.

सन सत्तरच्या आसपासची गोष्ट. चिंचवडच्या एका शाळेत मी मराठी शिकवायचो आणि रविवारी सकाळी कामगारांचा मॅट्रिकचा वर्ग घ्यायचो. पुण्याचा एम.ए. माणूस मी, इथं कसा येऊन पडलो ते विचारू नका. इथल्या लोकांना भोंग्यापलीकडे दुसरं काव्य ठाऊक नाही, असं माझं ठाम मत. वर्गात चाळीस दणकट माणसं, नखांत ग्रीस, आणि मी फळ्यावर उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती लिहितोय. निर्जीव वस्तू माणसासारखी वागते असं म्हटलं की झाली चेतनगुणोक्ती. सोपं आहे ना? पण यांच्या डोक्यात यंत्र ते यंत्रच.

त्यातही बबन सगळ्यांत कोरडा. पिंपळे गुरवचा. घरची जमीन कारखान्यांत गेलेली, तिच्या बदल्यात कंपनीत लेथ यंत्रावरची ही नोकरी, आणि तीही अजून कायम व्हायची होती. मी विचारलं, "सांग, आई कशासारखी असते?" म्हणाला, "आईसारखी." अशा माणसाला काय शिकवायचं?

एका रविवारी वर्ग सुटल्यावर तो थांबला. हातात कागद.

"गुरुजी, चार्जशीट आलंय. माझ्या शिफ्टला लेथचं बेअरिंग जळालं. हलगर्जीपणा केला म्हणत्यात. उद्या खुलासा द्यायचाय."

"नेमकं झालं काय?"

"तेल येत नव्हतं. आवाज यायचा. तीन दिस शिफ्टच्या वहीत लिहिलं, कुणी बघितलं न्हाई. चौथ्या दिशी जळालं."

"आणि हे असंच देणार तू?"

"हाय तेच देणार की. तुमी फकस्त नीट अक्षरात लिहून द्या."

नीट अक्षरात म्हणे. मला, एम.ए. माणसाला, हा कारकुनी सांगत होता. म्हटलं, "बबन, वाचणाऱ्याच्या काळजाला हात घालावा लागतो. तू गप्प बस."

आणि मी सुटलो. "सदर यंत्रास मी पोटच्या लेकराप्रमाणे जपले." उपमा. "ते यंत्र नव्हे, माझी अन्नपूर्णाच." ही अपन्हुती, उपमेहून वरचा अलंकार, मॅट्रिकला येतो, दोन गुणांना. "डोळ्यांत तेल घालून मी त्याची निगराणी केली." आणि मग माझं लाडकं वाक्य. "तीन दिवस ते कण्हत होते आणि मी काळजावर दगड ठेवून त्याची व्यथा मूकपणे ऐकत होतो." लिहिताना माझेच डोळे पाणावले, खोटं नाही सांगत.

बबनने दोन पानं चाचपडत वाचली. "गुरुजी, वहीचं कुठं हाय ह्यात?"

"गाळलं. रसभंग होत होता."

एवढ्या सुंदर परिच्छेदात वहीची नोंद म्हणजे श्रीखंडात खडा, नाही का? तो म्हणाला, "मला न्हाई कळत. तुमी शिकलेले." आणि सही केली.

गुरुवारी तो शाळेच्या दारात उभा. चेहरा उतरलेला. "चौकशीला बोलावलंय. मी कबुली दिली म्हणत्यात."

अरसिक लोक, दुसरं काय. मी कोट चढवला आणि त्याच्याबरोबर कंपनीत गेलो. कामगारांच्या चौकश्या बघणाऱ्या पर्सोनेल साहेबांसमोर माझीच दोन पानं पडली होती.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो," मी म्हणालो. मला वाटलं, दाद येतेय.

"तीन दिवस यंत्र कण्हत होतं आणि हा मूकपणे ऐकत होता. म्हणजे बिघाड ठाऊक होता, तरी कळवला नाही."

"साहेब, ती चेतनगुणोक्ती आहे."

"म्हणजे आवाज येत नव्हता?"

"येत होता. कण्हणं तेवढं अलंकारिक."

"आणि मूकपणे?"

"ते परिणामासाठी."

साहेबांनी पान उलटलं. "डोळ्यांत तेल घातलं, असं आहे इथं. यंत्रात घातलं होतं का?"

तेव्हा तरी मी गप्प बसायचं की नाही? पण मी त्यांना उपमा आणि रूपकातला फरक समजावू लागलो. होय, चौकशीच्या टेबलावर, शेजारी एका माणसाची भाकरी जात असताना. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठीक. तुमचीच उपमा घेऊ. पोटचं लेकरू तीन दिवस कण्हतंय. बाप कुणाला सांगतो, की मूकपणे ऐकत बसतो?"

उपमा चोख होती. खरं सांगतो, त्या क्षणी मला माझी लाज वाटली.

तेवढ्यात बबन बोलला. "साहेब, शिफ्टची वही मागवा."

वही आली. त्याच्या वाकड्या अक्षरात, तिन्ही दिवस तेच: 'तेल येत नाही. आवाज येतो. बघावे.' खाली फोरमनची सही.

"हे खुलाशात का नाही?" साहेबांनी विचारलं.

बबनने माझं नाव घेतलं नाही. मग मलाच सांगावं लागलं.

"हा कागद फाइलवर आहे तोवर मला काही करता येणार नाही," साहेब म्हणाले. "दुसरा लिहा. आत्ता, इथं."

मी लिहिलं: 'पहिला खुलासा माझा आहे. बबनने वहीत वेळेवर नोंद केली होती. ती मी गाळली. चूक माझी.' खाली दोघांनी सह्या केल्या. साहेबांनी एकदाच वाचलं आणि चार्जशीट मागे घेतल्याचा शेरा मारला.

बबन माझ्याबरोबर गेटबाहेर आला. मला वाटलं, आता चार शिव्या घालेल, आणि घालायलाच हव्या होत्या. पण तो थांबला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "गुरुजी, तुमाला असं बी लिहिता येतं व्हय?"

टोमणा असता तर मी झेलला असता. पण तो माणूस खरंच विचारत होता.