शंभरातल्या आठ जागा

हिवतापाच्या दवाखान्यात रक्ताच्या काचपट्ट्या तपासणाऱ्या गृहस्थांना सगळे भिंगवाले म्हणत. नोकरीला लागले तेव्हा त्यांना मान वर करायला फुरसत नसे. नदीकाठच्या वस्तीतून रोज काचपट्ट्यांचा ढीग यायचा आणि दहांतल्या तिघांना हिवताप निघायचा. नियम असा, की एका पट्टीवरच्या शंभर जागा भिंगाखाली बघायच्या, मगच ‘निरंक’ लिहायचं. भिंगवाले दीडशे बघत. त्याची थोडी घमेंडही होती, आणि ती त्यांना शोभायची.

पण आजारही भाडेकरूसारखे बिऱ्हाड बदलतात. नदीकाठची डबकी बुजवून तिथे भट्ट्या उभ्या राहिल्या. वस्तीतला ताप गेला आणि खोकला आला. जी माणसं कुडकुडत यायची, तीच आता छाती धरून येऊ लागली, आणि धुराचा आजार भिंगवाल्यांच्या भिंगात काही दिसेना. काचपट्ट्या मात्र येतच राहिल्या, कारण वरून ठरवून दिलेला आकडा भरायचा होता. वर्ष गेलं, पाच गेली, एक जंतू सापडेना. शंभराच्या पन्नास जागा झाल्या, पन्नासाच्या वीस. पुढे पुढे भिंगवाले पत्ता वाचूनच निकाल ठरवायला लागले. याला आळस म्हणा हवं तर, पण तो एका दिवसात आला नव्हता. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही आला असता.

भिंगवाल्यांचे थोरले भाऊ टेकडीवर राहत. तिथे कधी काळी कुणाला हिवताप झाल्याचं ऐकिवात नव्हतं. दोन वर्षांपासून मात्र तिथे उंच इमारतींचं काम चाललं होतं. पायाच्या खड्ड्यांत पाणी साचलेलं, आणि कामाला आलेली माणसं दूरच्या तापाच्या मुलखातली. टेकडी चांगल्या वस्तीची आहे, हे डासांना कोण सांगणार?

सोमवारी वहिनीला ताप भरला. आई गेल्यावर भिंगवाल्यांना लहानाचं मोठं केलं ते या वहिनीनं. भाऊ तिला दवाखान्यात घेऊन आले. बोटातून रक्त घेतलं, तेव्हा तिचे दात वाजत होते.

“भावोजी, माझी पट्टी जरा नीट बघा हं,” ती हसून म्हणाली.

“वहिनी, टेकडीवर कुठला आलाय हिवताप? दमली असशील, दुसरं काय!”

तिची पट्टी त्यांनी भिंगाखाली धरली, ती केवळ मायेपोटी. आठ जागा बघितल्या. सगळ्या स्वच्छ. तेवढ्यात चहा आला. भिंगवाल्यांनी ‘निरंक’ लिहिलं आणि पट्टी पेटीत टाकली.

शुक्रवारी वहिनीची शुद्ध गेली. मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हिवताप मेंदूत गेलाय, फार उशीर केलात. शनिवारी ती गेली.

सोमवारी भिंगवाल्यांनी पेटीतून तीच पट्टी काढली. पहिल्या आठ जागा स्वच्छच होत्या. नववीही. दहाव्या जागी तांबड्या पेशीत एक बारीक निळी अंगठी दिसली, हिवतापाच्या जंतूची. पुढे आणखी दिसल्या. पट्टी धुऊन टाकली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. तो विचार मनात आला नाही, असं खोटं कशाला सांगा! पण ते उठले आणि तडक टेकडीवर गेले.

भाऊ खिडकीपाशी बसले होते. भिंगवाल्यांनी तोंड उघडायच्या आतच ते बोलायला लागले. “बुधवारी शेजारचे डॉक्टर म्हणाले होते, कशाला धोका पत्करा, हिवतापाच्या गोळ्या देऊन टाकू. मीच नको म्हटलं. म्हटलं, माझ्या भावानं स्वतः बघितलंय, तीस वर्षं तेच करतोय तो. पहिल्या दिवशी रक्तात नव्हताच ना रे? मागाहून आला असेल?”

‘हो’ म्हटलं असतं तर दोघंही सुटले असते.

“होता, दादा. शंभर जागा बघायच्या असतात. मी आठच बघितल्या. दहावीत होता.”

भाऊ रागावले नाहीत. उलट धाकट्याला सावरून घ्यायची जन्माची सवय, त्यांनी त्याच्यासाठी कारणही शोधून दिलं.

“त्या दिवशी घाईत होतास का रे?”

“नाही दादा,” भिंगवाले म्हणाले. “कसलीच घाई नव्हती.”